गाडीच्या चिखलालाबी वापसा असतोय



परतीचा पाऊस आठ दिवस झालं मुक्काम ठोकून आहे. मृग बहाराची फळं पेरवाएवढी झाल्यात, तेल्याची टांगती तलवार आहेच, आणि फवारणीला उघडीप मिळंना. अशा वेळेला मी आज गाडी धुण्यावर लिहिणार आहे म्हणून कुणी हसू नका. खाली वाचत गेलात तर बागेचाच विषय निघंल.

आमची गाडी म्हणजे जुनी बोलेरो. पाच वर्षांमागं जुनीच घेतली. तिच्यातच लग्नाला जातो, तिच्यातच दवाखान्याला, आणि मागची सीट उचलली की क्रेटबी बसतात. वस्तीपासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर. घरातनं निघालं की आधी माळाचा मुरूम, मग ओढ्याकाठची काळी, मग डांबरी. आमच्या माणदेशात बऱ्याच ठिकाणी असंच आहे, ओढ्याकाठाला काळी आणि वर माळ. डाळिंब माळाला, ज्वारी काळीत. टेंभूचं पाणी आल्यापासनं काळीत ऊसबी दिसाय लागला. ऊस आला की ट्रॉली आली, आणि ट्रॉली आली की पाणंदीचं काय होतंय ते तुम्हाला सांगाय नको. चाकोरी गुडघ्याएवढी.

आता घरी येताना बघा. डांबरीवरनं उतरलं की आधी काळी लागते, टायरला आणि मडगार्डच्या आत लोण्यासारखी लिंपून बसते. त्यानंतर लगेच मुरूम. ओल्या चिखलावर तो मुरूम असा बसतोय, जसं भोगीच्या भाकरीला तीळ. मग ते चाक फिरताना मडगार्डच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. रंग जातोय, पत्रा उघडा पडतोय, आणि वरनं ओल धरून ठेवणारा चिखल आहेच. गाडी वरनं चकाचक दिसते आणि खालनं कुजते, ती अशी. जुन्या गाड्या घेताना आमच्याकडची माणसं बोनेट उघडून इंजिन ऐकत बसतात. मी आधी खाली बसून मडगार्डच्या आत हात घालतो आणि दाराच्या खालच्या कडेवरनं बोट फिरवतो. दाराच्या खाली बारीक भोकं असतात, आत गेलेलं पावसाचं पाणी निघून जायला. ती चिखलानं बुजली की पाणी दारातच राहतं आणि दार आतनं सडत येतं. काडीनं दोन मिनिटांत मोकळी होतात.

काळी माती चिकटते का, हे कृषी सहाय्यक लोकांना माहीत आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात जिच्या भेगेत कुदळीचा दांडा जातो आणि पावसाळ्यात जिच्यात चप्पल राहते ती एकच माती. तीच मडगार्डच्या आत बसल्यावर वेगळं कसं वागेल?

म्हणून मी म्हणतो, ज्याला रानाचा वापसा कळतो त्याला गाडीचा चिखल काढायला कुणी शिकवाय नको. ओली असताना हात घातला तर नुसती सारवल्यासारखी पसरते. पार वाळली की वीट होते, मग माणसं खुरपं घेऊन खरवडतात आणि चिखलाबरोबर रंगबी काढतात. मधला एक वेळ असा येतो की ढेकूळ अंगठ्यानं दाबलं की कडेपासनं सुटतं, हाताला चिकटत न्हाई. तोच वापसा. त्या वेळेला कळकाची एक चपटी चिपाटी घ्यायची, लोखंड अजिबात न्हाई, आणि मडगार्डच्या आतनं, मडफ्लॅपच्या मागनं, चॅसीच्या बेचक्यातनं ढेकळं पाडायची. पाण्याचा थेंब लागत न्हाई. ऊन असलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी वापसा येतो, झड लागली असेल तर दोन-तीन दिवस. मडगार्डच्या आत ऊन जात न्हाई, त्यामुळं बाहेरचं वाळलं म्हणून आतलं वाळलं असं समजायचं न्हाई.

वापसा चुकला आणि वीट झालीच, तर बारदान भिजवून त्यावर दाबून ठेवायचं, किंवा नुसतं पाणी मारून अर्धा तास थांबायचं आणि परत मारायचं. भिजायला वेळ दिला की निम्मं काम आपोआप होतं.

हे झालं खालचं. वरच्या पत्र्याचं मात्र उलटं. तिथला चिखल वापशाला आणायचा न्हाई, ओला असतानाच पाण्यानं उतरवायचा. वाळल्यावर कोरड्या फडक्यानं पुसलं की त्यातली कच रंगावर रेघा ओढते. काचेचंबी तसंच, चिखल उडाला की लगेच वायपर चालू करतात लोक. आधी पाणी मारा, मग वायपर. कोरडा वायपर कचेवरनं फिरला की काचेला कमानीसारखे ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात काही म्हंजे काही दिसत न्हाई. गळीत हंगामात बिनलाइटच्या ट्रॉल्या रस्त्यावर असताना हे परवडणारं न्हाई.

पाणी किती लागतं? आम्ही टँकरचे दिवस काढलेली माणसं. पाइप लावून गाडीसमोर उभं राहणं मला अजून जमत न्हाई. खालचा चिखल कोरडाच पाडला की वरच्या पत्र्याला तीन बादल्या पुरतात. एक नुसती ओतायला, चिखल सैल करायला. दुसरी साबणाची. तिसरी नुसतं फडकं खळबळायला, म्हणजे फडक्यातली कच साबणाच्या बादलीत जात न्हाई. टपापासनं सुरुवात करायची, खालची पट्टी शेवटी, आणि खालच्या पट्टीचं फडकं वेगळं. कपड्याची पावडर वापरू नये, रंगाची चमक जाते. आणि बोअरचं पाणी क्षाराचं असलं तर उन्हात गाडी धुवायची न्हाई, पाणी वाळून पांढरे ठिपके राहतात. ठिबकच्या ड्रीपरला जे बसतं तेच काचेला बसतं.

आता पंपाचा विषय. बागायतदाराच्या दारात एचटीपी पंप असतोच आणि गन हातात आली की पोरांना गाडी धुवायची हुक्की येते. धुवा, पण त्या टाकीत आदल्या दिवशी काय होतं ते आधी विचारा. टू-फोर-डी मारलेली टाकी असली तर कितीबी हिसळा, त्याचा अंश राहतो. द्राक्ष आणि कापूस तर त्याच्या वासानंसुद्धा वाकडं होतंय. ती गन बागेच्या कडेला गाडीवर मारायची म्हणजे बागेवरच मारल्यासारखं. तणनाशकाचा पंप वेगळा, हे तसंबी सगळ्यांनी पाळायलाच पाहिजे. दुसरं, गन हातभर लांब धरा. रेडिएटरच्या जाळीवर जवळनं मारली की तिच्या पातळ पात्या दुमडतात आणि मग गाडी घाटात तापते. जाळीत चिखल आणि किडे बसल्यात, तर साधं पाणी हलक्या हातानं मारा. वायरिंगवर, तापलेल्या इंजिनावर प्रेशरचं पाणी नको. धुतल्यावर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर ठेवू नका, मागच्या ड्रममध्ये ब्रेक चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी निघताना दोन-चार वेळा हळू ब्रेक दाबून तो वाळवून घ्या.

काही जण खालनं जळकं ऑइल नाहीतर डिझेल मारतात, गंजू नये म्हणून. आमच्या वडलांच्या वेळेला जीपला मारायचे. मला ते पटत न्हाई. खालचे रबराचे बुश त्यानं फुगून मऊ पडतात आणि तेलकट जागेवर मुरमाची धूळ दुप्पट बसते. त्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडाला खालनं काळं कोटिंग मारून घ्यावं, ते बरं.

आमच्या पुतण्याची गाडी ओढ्यातनं आल्यावर साठच्या पुढं गेली की स्टिअरिंग थरथरायचं. एका गॅरेजवाल्यानं त्याला बॅलन्सिंग, अलाइनमेंट, वर दोन टायर असा हिशोब सांगितला. मी म्हटलं, “थांब जरा, चाकाच्या आतल्या बाजूला हात घाल.” रिमच्या आत एका बाजूला वाळलेल्या काळीचा पोळा बसलेला. चिपाटीनं पाडला, थरथर गेली. पुतण्या म्हणाला, “तात्या, ह्याचं बिल किती?” म्हटलं, “चार दिवस ड्रीपरच्या नळ्या साफ कर.” आला न्हाईच, ते सोडा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

आमच्या वाटेच्या पलीकडं एक बाग होती. साडेतीन एकर, भगवा, सात वर्षांची. आधी एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली. मग ते झाड वाळलं, मग ओळीतलं पुढचं, मग त्याच्या पुढचं. खोड उभं चिरलं की आत लाकडात करडा-काळा डाग. मर. सेरॅटोसिस्टिस नावाची बुरशी आहे ती, मातीत राहते आणि मुळांतनं शिरते. दोन वर्षांत बाग काढली. आज तिथं मका आहे. सांगोला, आटपाडी भागात मरीनं आणि खोडाला भोकं पाडणाऱ्या किड्यानं किती बागा गेल्या, हे इथल्या वाचकांना मी सांगायची गरज न्हाई. कित्येकांची घरं त्या बागांवर उभी राहिली होती आणि कित्येकांची कर्जं अजून उभी आहेत.

आता कुणाच्या तरी गाडीच्या चाकानंच मर आणली असं मी म्हणणार न्हाई, कुणाला छातीठोकपणे म्हणतासुद्धा येणार न्हाई. रोगट रोपं, वाहतं पाणी, छाटणीच्या कात्र्या, तो किडा, ही मोठी कारणं आहेत. पण ती बुरशी मातीत राहते हे जर खरं असेल, आणि तज्ज्ञ मंडळी तेच सांगतात, तर एका बागेतली किलोभर माती चाकाला लावून दुसऱ्या बागेत नेऊन झाडाच्या बुडात पाडणं हे शहाणपणाचं कसं? सूत्रकृमीचं तेच. गाठीची मुळं असलेल्या रानातली ओली माती म्हणजे अंडी आलीच. मी एकदा घमेलं ठेवून एका चाकाच्या वरची माती पाडली आणि काट्यावर ठेवली. साडेचार किलो भरली. चार चाकांचा हिशोब तुम्ही करा.

हे काय माझ्या डोक्यातनं निघालेलं न्हाई. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला २०१५ साली केळीच्या भागात पनामा मर रोगाची नवी जात सापडली. तिथं बागांच्या तोंडाला गाड्या आणि बूट धुवायच्या जागा केल्या, बाहेरची गाडी बाहेर आणि बागेतली बागेत असं वाटून टाकलं. आपल्याकडं उत्तरेत बिहार, उत्तर प्रदेशातबी ती जात सापडली आहे, तेव्हा जळगावकडच्या केळीवाल्यांनी हे डोक्यात ठेवावं. आणि गाजर गवत आठवा. १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं म्हणतात, आज देशभर बांधाला आहे. बी मोहरीपेक्षा बारीक. पाण्यानं गेलं, जनावरानं गेलं, शेणखतानं गेलं आणि चाकाच्या चिखलानंबी गेलं. आमच्या माळावर ते आधी कुठं उगवलं? वाटेच्या दोन्ही चाकोऱ्यांच्या कडेला. मध्ये न्हाई, लांब न्हाई, चाकोरीच्या कडेला.

म्हणून पलीकडची बाग गेली त्या वर्षी मी काळी संपून मुरूम सुरू होतो तिथं, लिंबाखाली, दोन सिमेंटचे खांब रोवले आणि साखळी लावली. पावसाळ्यात बाहेरची गाडी लिंबाखाली राहील, माणूस चालत येईल. आमची गाडीसुद्धा पहिली तिथं थांबते. चाकं झाडून, गरज असली तर दोन बादल्या मारून मग वर येते. पाडलेला चिखल बागेकडं येत न्हाई, तिथंच खालच्या अंगाला खड्ड्यात जातो. ती जागा बागेच्या उताराला खाली आहे, हे मुद्दाम बघून निवडलं. वरच्या अंगाला गाडी धुतली तर पाणी बागेतच येणार.

साखळी लावणं सोपं होतं, माणसं अवघड. पहिल्याच पावसाळ्यात एक सल्लागार साहेब आले. चांगला पोरगा, अभ्यास चांगला, दिवसाला पाच-सहा बागा करतो. मी फोनवर म्हटलं, “साहेब, गाडी लिंबाखाली लावा, मी बूट घेऊन येतो.” ते म्हणाले, “काका, माझ्या गाडीला काय रोग झालाय का?” म्हटलं, “गाडीला न्हाई साहेब, पण तुम्ही सकाळी जिथं जाऊन आला त्या बागेला झालेला असंल तर तुम्हाला तरी कुठं माहीत?” थोडं लागलं त्यांना. चालत आले, बाग बघितली, चहा न घेता गेले. पुढच्या वेळेला मात्र डिकीत एक क्रेट घेऊन आले, त्यात पाण्याची पाच लिटरची कॅन, ब्रश आणि दुसरे बूट. आता दर बागेला बूट धुतात. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. क्लोरीनचं पाणी मारायचं असलं तर माती आधी धुवून काढायची. चिखलावर औषध मारलं तर औषध चिखलातच मरतं. आणि क्लोरीन लोखंडाला खातं, म्हणून थोड्या वेळानं साध्या पाण्यानं धुवून टाकायचं.

साहेब समजले, पण पाहुणे समजंनात. आमचे दाजी दिवाळीला आले, नवी गाडी, आणि साखळी बघून खालनंच फोन. “पाव्हणं, टोलनाका लावलाय का?” मंडळी म्हणाली, “अहो, सोडा की एका दिवसापुरतं, दाजी हायत.” दाजींचं स्वतःचं पाच एकर डाळिंब, तेसुद्धा आजारी. मी ट्रॅक्टर घेऊन खाली गेलो आणि सगळ्यांना ट्रॉलीत बसवून वर आणलं. पोरांना मजा आली. दाजी दोन दिवस मोजून बोलले. ह्यातनं कसं निभावायचं ह्याला माझ्याकडं युक्ती न्हाई. नातंबी पाहिजे आणि बागबी पाहिजे.

एक मात्र कळकळीनं सांगतो, गाड्या ओढ्यात घालून धुवू नका. पोरं चार चाकं ओढ्यात उभी करतात, गाणी लावतात, बादलीनं पाणी उडवतात. ऑइल पाण्यात, आणि कुठकुठल्या रानाची माती पाण्यात. खालच्या अंगाला त्याच पाण्यावर कुणाची तरी मोटर असते आणि ती मोटर ठिबकला जोडलेली असते. मरीला चाकापेक्षा पाणी जास्त आवडतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात. चिखल संपला की मुरमाची धूळ आणि खडी. मागची काच किंवा डिकी किलकिली ठेवू नका, चालत्या गाडीच्या मागचा धुरळा तिथनं आत ओढला जातो. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर उघडून झटका, आमच्या रस्त्याला किलोमीटर मोजून उपयोग न्हाई. खडी टाकलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासनं लांब राहा, काच वाचते. टायरच्या नक्षीत अडकलेली खडी स्क्रू-ड्रायव्हरनं काढा.

आणि आतनं. खताचं पोतं गाडीत न्यायचं असलं तर खाली प्लॅस्टिकचा कागद. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढतात, सांडलेलं चमचाभर मॅटखाली राहिलं तरी पत्रा खातं. मोरचूद तर त्याहून वाईट. गमबूट, कात्री, फवारणीचे कपडे सगळं एका जुन्या क्रेटमध्ये, आणि ती क्रेट आठवड्याला धुवायची. मॅटखाली ओल आली की रद्दी पेपर पसरा, दिवसात दोनदा बदला.

आज दुपारनंतर ढग जरा फुटल्यात. लिंबाखालची जागा पार दबून गेलीय, तिथं दोन ट्रॉली खडी टाकायची आहे, मुरूम न्हाई, मुरूम चाकाबरोबर वर येतो. ट्रॅक्टरवाला उद्या म्हणालाय. त्याचं चाक आधी धुवायला लावणार आहे.